सरावापुरता आजारी

मला पडून राहता येत नाही. जन्मभर फरशी बसवली, उकिडवं बसून. आता गुडघे बसू देत नाहीत आणि मन पडू देत नाही. इथं आखातात, मुलीच्या माबेलातल्या फ्लॅटमध्ये माझ्या दिवसभर येरझाऱ्या चालतात, हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. जावई म्हणतो, बाबा फरशीला वाट पाडणार. पाडली तर पाडली. वाईट बसवलीय ती, पोकळ वाजते.

असा मी, आणि त्या शुक्रवारी भरदुपारी पाच माणसांसमोर चादर ओढून आजारी होऊन पडलो होतो. का पडलो ते सांगतो.

मुलगी माझी एकुलती एक. अल खौदला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, आणि जोडीला पाळक व्हायचं शिक्षण घेते. आम्ही नगरकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. आमच्याकडे पाळक म्हणजे पांढरा झगा आणि आत पुरुषमाणूस. बाई पाळक मी जन्मात पाहिली नव्हती. इथल्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी मला सगळ्यांदेखत विचारलं, पाळकाच्या बायकोला आपण पाळकीणबाई म्हणतो, मग तुमच्या जावयाला काय म्हणायचं? मी म्हटलं, जावईच म्हणा, त्याला तेवढंच जमतं. हसले सगळे. मला मात्र ते लागलं. माझ्या पोरीला हसायचं तर मी हसेन, बाकीच्यांनी आपापल्या पोरी बघाव्यात.

शिकणाऱ्यांसाठी अल हैलला समुद्राजवळ एक बंगला भाड्यानं घेतलाय. गुरुवारी काम सुटलं की ही मंडळी तिथं राहायला जातात, शनिवारी परत. एकत्र प्रार्थना, एकत्र स्वयंपाक, संडास घासायची पाळी सगळ्यांना, इंजिनियर असो की कोणी. रात्रीची प्रार्थना झाली की सकाळच्या प्रार्थनेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मुलगी म्हणायची, बाबा, अभ्यास सोपा आहे, गप्प बसणं अवघड. ते खरंच. ती आईवर गेलीय. घर शांत झालं की तिला वाटतं काहीतरी बिघडलं.

शिकवायची तऱ्हा तर अशी, की प्लास्टिकच्या बाहुलीचा बाप्तिस्मा करायचा आणि रिकाम्या खोक्यावर दफनविधी म्हणायचा. ऐकून मी हसलो होतो. मग आठवलं, मीही नुसत्या वाळूवर फरशी मांडून शिकलो. उस्ताद लाथेनं उधळायचा आणि म्हणायचा, पुन्हा मांड.

पोरगी अडकली ती आजाऱ्याच्या भेटीत. एकानं पलंगावर आजारी व्हायचं, एकानं भेटायला यायचं, बाकीच्यांनी बघायचं. शिकवणारे केरळकडचे म्हातारे पाळक, त्यांना सगळे अच्चन, म्हणजे फादर, म्हणतात. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं, आजारी माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच तू डोळे मिटून प्रार्थना सुरू करतेस. तू त्याच्यापासून पळतेस. पुन्हा एकदा बघू, आणि तसंच झालं तर यंदा दीक्षेसाठी बिशपांकडे तुझं नाव जाणार नाही.

ती रडली नाही. त्या दिवशी भांडी फार आपटून घासली.

मग अच्चननीच सुचवलं, या वेळी आपल्या वडिलांना आण, आपल्या भाषेत बोल. घरच्या माणसापुढून पळता येत नाही. मराठी मला कळत नाही, मी नुसता बघत बसेन.

नाटकं मला जमत नाहीत. पण तिच्या वर्षाचा प्रश्न होता. मी मनाशी ठरवून गेलो, की गुडघा दुखतो म्हणायचं, झोप लागत नाही म्हणायचं. तिनं ऐकायचं, प्रार्थना करायची, खलास.

पडलो. अच्चन भिंतीशी खुर्ची लावून बसले. शिकणारी एक नर्स तोंडाला रुमाल लावून हसू दाबत होती. मुलगी आत आली, आमच्या ख्रिस्ती रीतीनं म्हणाली, सलाम बाबा, आणि स्टूल ओढून बसली. कसं वाटतंय विचारलं. मी गुडघ्याचं सांगितलं. तिनं मान हलवली आणि गप्प राहिली. मी झोपेचं सांगितलं. तरी गप्प. माझं ठरवलेलं तिथं संपलं.

आता ही बोलेल, मग बोलेल. नाहीच बोलली. एसीची घरघर तेवढी. मी पाय हलवले, उशी सरकवली, उठून बसावंसं वाटलं. आणि त्या तडफडीत भलतंच निघून गेलं.

"मला इथं मरायचं नाही. तुझ्या आईशेजारी जायचंय. आणि तू मला नेत नाहीस."

हे मी घरी कितीदा बोललोय. दर वेळी तिचं उत्तर तयार असायचं, जाऊ ना बाबा, पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. आणि लगेच, चहा टाकू का? या वेळीही तिचं तोंड उघडलं. मी बघत होतो. मग ते मिटलं. हात बायबलकडे गेला आणि अर्ध्यातून मागे आला.

मला राग आला. मी म्हटलं, बोल काहीतरी.

"आईशेजारची जागा अजून मोकळी आहे का, बाबा?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मोकळी आहे, पुतण्यांनी तार ओढून ठेवलीय. मग बोलतच गेलो. तिच्या आईच्या कबरीवरची शहाबादी मी स्वतः बसवली, एका कोपऱ्यात पाणी साचतं, ते काढायचं राहून गेलं, असलं काय काय. अच्चननी हात वर केला तेव्हा थांबलो. प्रार्थना झालीच नव्हती.

अच्चननी सगळ्यांसमोर मला हिंदीत विचारलं, "आराम मिला, अप्पा?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मिला म्हटलं असतं तर काय बिघडत होतं. पण नाही मिळाला तर नाही मिळाला. मुलीसाठीसुद्धा मी खोटं बोलत नाही. म्हटलं, नहीं मिला. तिनं मान खाली घातली. बुडवलं मी तिला, असं वाटून मला तिथं बसवेना.

अच्चननी तिला विचारलं, प्रार्थना का केली नाही? ती म्हणाली, त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. म्हाताऱ्यानं दाढी खाजवली आणि सांगितलं, नाव पाठवतो. मीच चिडलो. विचारलं, मुझे आराम नहीं मिला, फिर भी?

"वो देना इसका काम नहीं था," ते म्हणाले आणि चहा मागवला.

परतताना गाडीत ती बोलेना. तिचं गप्प बसणं मला सोसवत नाही. दोन सिग्नल झाल्यावर तिनंच तोंड उघडलं.

"बाबा, मी पुढच्या वर्षी म्हणत होते ते खरं नव्हतं. मी परत जाणार नाही. माझी मंडळी आता इथं आहे. तुम्हाला मी पोचवते. म्हणाल तेव्हा."

मी ताठ्यात म्हटलं, तुझी दीक्षा झाली की निघतो.

ती म्हणाली, पहिलं वर्ष नुसती डीकन, पाळकाच्या हाताखाली. प्रभूभोजनाची भाकर मोडायचा हक्क त्यानंतर. तेव्हा तुम्ही कुठं असाल?

"गावी. तू तिकडे ये आणि आपल्या देवळात मोड."

"तिथले पंच बाईला वेदीपुढं उभं राहू देतील?"

"मी आधी जाऊन बसतो ना तिथं. बघू कोण अडवतं ते."

मला वाटलं हसेल. हसली नाही. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, मग तारीख सांगा, मी तिकीट बघते. इतकी वर्षं मी तिच्यामागे लागलो होतो, आणि आता मला तारीख सांगता येईना. माबेला येईपर्यंत मी सीटबेल्टशी चाळा करत राहिलो, आणि ती मधे न बोलता माझ्या तारखेची वाट बघत राहिली.