सुमित्राबाईंनी फोडलेली जमीन

करावे गावच्या सुमित्राबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं, मग समोर ब्रह्मदेव का असेना. पासष्टी ओलांडलेली बाई, पण भाताच्या लावणीत मोडली नाही ती आता काय मोडणार? खाडीकाठची शेतं शहरात गेली तेव्हा त्यांचे यजमान नामदेव यांनी पनवेलच्या पलीकडे वीस गुंठे घेतले आणि मरेपर्यंत तिथे भात पिकवला. गेल्या वर्षी सुमित्राबाईंनी त्यात स्ट्रॉबेरी लावली. खारघरच्या फ्लॅटमधली पोरं आईबापांना ओढत तोडायला येतील, असा बेत. पोरं कसली येतात, रोपंच महिन्याभरात मुळाशी कुजली.

मुलगा रूपेश वैतागला. कळंबोलीचा एक ट्रान्सपोर्टवाला ट्रक उभे करायला हीच जागा मागत होता. रूपेशने आईला सांगितलं, अजून एक वर्ष कर हौस, पण यंदा रोपं गेली तर जमीन त्याला. सुमित्राबाईंनी मान डोलावली, आणि दुसऱ्याच दिवशी पहार घेऊन शेतात गेल्या.

तीन ठिकाणी खणून पाहिलं. वीतभर माती मऊ, आणि खाली पहार खणकन वाजली. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, हे त्या दोघा नवराबायकोनीच तर केलं होतं! पाणी खाली जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षं चिखलणी करून जमीन तळाशी घट्ट केलेली. भाताला ते मानवतं, स्ट्रॉबेरीची मुळं मात्र त्या साचलेल्या पाण्यात गुदमरतात.

दिराचा छोटा ट्रॅक्टर होता, त्याला अवजार हवं होतं. दुकानदार जयप्रकाश रोटाव्हेटरचं गुणगान गाऊ लागला. माती अशी रव्यासारखी होईल की बघत राहाल. रूपेशलाही ते पटलं. बाईंनी पिशवीतून खालच्या थराचं ढेकूळ काढून टेबलावर ठेवलं आणि फोडायला सांगितलं. जयप्रकाशने अंगठा दाबला, मग दोन्ही हात लावले. फुटेना.

“वरची माती गेल्या साली पन रव्यासारखीच होती,” बाई म्हणाल्या. “मना हे फोडनारा पायजे.”

जयप्रकाशने मागून सबसॉयलर आणला. दिसायला अगदीच भिकार, लांब वाकडा एकच दात. पण तो खोल जातो आणि माती न उलटता तळ फोडतो. छोट्या ट्रॅक्टरला झेपेल असाच बाईंनी निवडला आणि सोबत उंच गादीवाफे करणारा बेड मेकर घेतला.

पाऊस थांबला तरी दहा दिवस बाईंनी ट्रॅक्टर शेतात घालू दिला नाही. ओल्या जमिनीत दात नुसता चिरत जातो, सुकलेली फुटते. रूपेशने रोज टोमणे मारले, बाईंनी रोज कानाआड केले. अखेर तळ फुटला, वीतभर उंच वाफे झाले, रोपं लागली.

आणि चौथ्याच दिवशी अवकाळी पाऊस कोसळला. मायलेक धावत शेतावर गेले. पाणी सऱ्यांतून वाहत खालच्या बांधाला अडलं होतं आणि वाफ्यांच्या गळ्यापर्यंत चढत होतं. नामदेवांनी स्वतःच्या हाताने तीन उन्हाळे माती टाकून घातलेला तो बांध. थेंब सुटायचा नाही त्यातून.

सुमित्राबाईंनी फावडा उचलला. रूपेशने दांडा धरला.

“आई, बाबांचा बांध हाय तो.”

“बाबा भात लावायचे. आपन भात लावलाय का?”

त्यांनी पहिला घाव घातला आणि त्यांना रडू फुटलं. रडत रडतच घाव घालत राहिल्या. घट्ट, प्रेमाने थापलेली माती, ती काय सहजी तुटते? मग रूपेशने आईच्या हातातून फावडा घेतला आणि बांधाला आरपार खाच पाडली. पाणी खळाळत ओढ्याकडे निघालं. त्याने दोन हात पुढे आणखी एक पाडली.

चिखलाच्याच हाताने त्याने फोन काढला आणि ट्रान्सपोर्टवाल्याला सांगितलं की दुसरी जागा बघ, इथे आईची स्ट्रॉबेरी हाय.

रोपं जगणार की नाही, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.