जमुनाचं तापट इंजिन

बाळापूरहून अकोल्याकडे येताना खारपाणपट्ट्यातली जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावात साठ-एकसष्टच्या सुमाराला पिठाची एकच चक्की होती आणि ती जमुना चालवायची. बाईमाणूस इंजिनाचं हँडल मारतं याचं लोकांना आधी नवल वाटलं. पण ज्वारीचं पीठ हवं तसं बारीक मिळू लागलं आणि नवल ओसरलं.

चक्की घातली होती तिच्या नवऱ्याने, चंद्रभानने. बंद पडलेल्या एका जिनिंगमधलं डिझेलचं जुनं इंजिन त्याने बैलगाडीवर लादून आणलं, स्वतः खोललं, स्वतः जोडलं. पुढे पिठाच्या भुकटीने त्याच्या छातीत दमा बसला. चक्कीत पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून समोरच्या निंबाखाली त्याची बाज पडली आणि आतला कारभार जमुनाकडे आला. हँडल मारायला शेजारची आशाबाई यायची. दोघी मिळून चाक फिरवायच्या, जमुना खटका सोडायची आणि इंजिन धडधडायला लागायचं.

दोन वर्षं सुरळीत गेली. मग त्या उन्हाळ्यात इंजिनाने रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी झकास सुरू व्हायचं. चार-पाच जणींचं दळण झालं, की आवाज जड व्हायचा, पट्टा मंदावायचा आणि धापा टाकत इंजिन बसायचं. थोडं थंड झालं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. अर्धं दळलेलं पीठ आणि अर्धे दाणे घेऊन बाया ताटकळत बसायच्या.

जमुनाने अकोल्याला जठारपेठेत निरोप पाठवला. श्रावण मिस्त्री एसटीने आला. माणूस कष्टाळू होता. त्याने डिझेलची जाळी धुतली, नळीतली हवा काढली, नोझल बदललं. इंजिन सुरू केलं तर ते शहाण्या लेकरासारखं चालू लागलं.

"आता तं काईच बिमारी दिसत नाही, वहिनी," श्रावण म्हणाला.

"तुमी हाये तवरच चालते ते," जमुना म्हणाली.

आणि झालंही तसंच. श्रावणची गाडी फाट्यावरून सुटली असेल-नसेल, इंजिन बसलं. त्या वेळी भागीरथाबाईचं दळण चालू होतं. तिच्या घरी लेकीला पाहायला पाहुणे यायचे होते.  तिने डबा उचलला आणि शेजारणीकडे उसनं पीठ मागायला गेली. ती रागावली असती तर जमुनाला बरं वाटलं असतं.

जमुना बाहेर आली आणि बाजेच्या पायथ्याशी बसली. "आयकलं का? मले वाटते हे इंजन आता मोडीतच द्याव."

चंद्रभान उठून बसला. इतके दिवस तो बाजेवरून आवाज ऐकत होता. आपल्याला आत जाता येत नाही म्हणून मनातल्या मनात कुढतही होता. "मोडीत काहून? आजारी माणसाले कोनी मोडीत देते का? मी इथून इचारतो, तू आत पाहून सांग. चालव बरं."

आशाबाई धावत आली. इंजिन सुरू झालं. जमुना आत उभी आणि चंद्रभान निंबाखालून, खोकल्याची उबळ आवरत, ओरडून विचारतोय.

"पट्टा काढून टाक! बिनओझ्याचं चालू दे!"

पट्टा काढला. तरी वेळ झाल्यावर आवाज जड झालाच.

"म्हंजे चक्कीच्या दगडाचा दोष नाही. धूर कसा हाये?"

"सादाच हाये!"

"डिझेल?"

"भरून हाये!"

चंद्रभान म्हणाला, "टाकीकडे जानारा वरचा नळ हाये ना, त्याले हात लावून पाय. हळूच, पोळशीन."

इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी त्या नळाने वर पाण्याच्या टाकीत जायचं आणि खालच्या नळाने थंड पाणी इंजिनात यायचं. जमुनाने घाबरत बोट टेकवलं. मग सगळा पंजाच टेकवला.

"ओ माय! हा तं थंडा हाये! अन् इंजन चटके देऊन राहिलं!"

"बंद कर!" चंद्रभान एवढ्या जोराने ओरडला की त्याला धाप लागली. "बंद कर लवकर. पानी फिरूनच नाही राहिलं. पिस्टन तापून आवयून बसला तं कायमचं जाईन."

इंजिन निवल्यावर जमुनाने पान्याने नळ सोडवला. आत डोकावली तर नळ जवळपास बुजलेला. पांढरा, चुनखडीसारखा टणक थर. तिने नखाने खरवडला आणि तिच्या लगेच लक्षात आलं. हाच थर तिच्या घरच्या पाणी तापवायच्या भगुण्यात बसायचा. अंगणातल्या विहिरीचं खारं पाणी!

तो नळ तिने बाजेवर नवऱ्यापुढे ठेवला. "तुमी टाकीत कोन्तं पानी टाकत व्हते?"

"नदीच्या रेतीतल्या झिऱ्याचं. गाडीवर पिपा घालून आनत व्हतो." चंद्रभान नळाकडे पाहत राहिला. "तुले सांगाचंच राहून गेलं वं."

"मीनं तरी कुठं इचारलं? इहीर जवळ व्हती, तिचंच टाकलं."

चंद्रभानला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग तिलाही.

भगुण्याचा थर ती चिंचेच्या पाण्याने काढायची. तोच उपाय तिने इंजिनाला केला. घरातली सगळी चिंच कोळली, कढवली आणि आत भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी सायकलच्या आऱ्याने टोकरून टोकरून खपल्या काढल्या. मग पुन्हा चिंच. चंद्रभान बाजेवरून नळ ठोकून ठोकून साफ करत होता. पोटभर काम मिळाल्यासारखा त्याचा चेहरा उजळला होता.

आता प्रश्न गोड्या पाण्याचा. चंद्रभानच्या आजारपणात गाडीबैल राहिले नव्हते आणि झिरा लांब. त्या उन्हात प्यायच्या पाण्यासाठी बाया वाटीवाटीने झिरा उपसायच्या. तिथून इंजिनासाठी पाणी कोणत्या तोंडाने मागायचं? जमुना एकटीच घागरी आणू लागली. टाकीचा तळही झाकेना.

आशाबाईने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी दळणाचा डबा डोक्यावर आणि पाण्याचा गडवा हातात घेऊन ती आली. तिने गडवा टाकीत रिकामा केला. तिच्यामागे भागीरथाबाई. मग आणखी दोघी-तिघी.

जमुना कावरीबावरी झाली. "बाई वं, तुमचं पेयाचं पानी हाये हे! नोका टाकू."

"आमी इंजनाले पाजून राहिलो, तुले नाही," आशाबाई म्हणाली. "तू कायले मधात येते?"

सगळ्या हसल्या. जमुनाने तोंड फिरवलं आणि उगाच पट्टा चाचपत उभी राहिली. टाकी भरली तेव्हा तिने इंजिन सुरू केलं आणि त्या दिवशी आलेलं सगळं दळण एका दमात उरकलं. वरच्या नळाला हात लावला तर हात चटकन मागे घ्यावा लागला. ती दारातून ओरडली, "पोयलं! पोयलं मले!" आणि बाजेवर चंद्रभानने आनंदाने टाळी वाजवली.

टाकीतलं पाणी फिरून फिरून तेच वापरात राहायचं, त्यामुळे पुढे थोडी भर पुरायची. ती भर बायाच घालत राहिल्या.

दसऱ्याला जमुनाने इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि त्या सगळ्या बायांना जेवायला बोलावलं. निंबाखाली गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले ते चंद्रभानने, धूर चुकवत, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून. वांग्याची भाजी आणि वरण जमुनाने केलं. काय बोलायचं ते तिने आदल्या दिवसापासून मनात जुळवून ठेवलं होतं. पण पंगत बसली आणि ते सगळं राहूनच गेलं. ती नुसती तूप वाढत फिरली. रोडगा फोडून त्यात धार धरायची, ती हात आडवा येईपर्यंत थांबवायची नाही.

"पुरे वं माय, पुरे," भागीरथाबाई म्हणाली. "लेकीच्या लग्नाचं दळन आता तुयाच चक्कीवर करीन, समजलं ना?"

जमुनाने मान हलवली आणि तिच्या पानात आणखी एक रोडगा ठेवला.