गोधडीचा पीळ

दसरा जवळ आला की घरातल्या गोधड्या धुवायला निघतात आणि मला घाटाखालच्या सुकापुरातलं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. मी घाटावरची, मुलाने स्वतः पसंत केलेली, म्हणून सासूबाई माझ्याशी बोलतच नसत. त्या सकाळी आम्ही दोघी गाढी नदीवर गेलो आणि वेगवेगळ्या दगडांवर कपडे आपटत बसलो. हवेत वडीच्या साबणाचा वास होता, पायांना गार पाणी लागत होतं. शेवटी मोठी गोधडी उरली. भिजून ती इतकी जड झाली होती की एकटीला पिळणं शक्यच नव्हतं. सासूबाईंनी जरा झटापट केली, मग म्हणाल्या, "धर गो ते टोक." मी धरलं, पण दोघी एकाच दिशेला पीळ देत होतो, त्यामुळे गोधडी नुसतीच गरगर फिरत राहिली. "मी नाय बदलायची, तू उलटी फिरव," असं म्हणता म्हणता त्यांनाच हसू फुटलं, आणि मलाही आवरेना. परतताना वाटेत एका बाईने विचारलं, "ही कोण?" "माझी सून हाय," त्या म्हणाल्या, "हातात जोर हाय तिच्या." आता त्या थकल्यात, पण मनातली गोष्ट आधी मला सांगतात, मग मुलाला.