बांधाच्या पायथ्याचं पाणी

पूर अडवणाऱ्या आमच्या मातीच्या बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरतं. बायका त्याला देवीचा झरा म्हणतात, हळदकुंकू वाहतात. आज मात्र पाणी गढूळ आलं. पाऊस तर कितीतरी दिवसांत नाही. मग ही माती बांधाच्या पोटातून तर येत नसेल?

"जाऊबाई, देवीच्या पाण्यात माती कशी?"

"तुला भरल्या ताटातही खडाच दिसतो गं!" म्हणत त्या पदर दुहेरी करून पाणी गाळू लागल्या.

ज्याला आपण हात जोडतो, त्याच्याकडे नीट बघायचं राहूनच जातं. बांधाखालचं पहिलं घर आमचं. जाऊबाईंच्या पदरावरची, बांधाच्या मातीसारखीच पिवळी, चिकट माती मी बोटांवर घेतली आणि हात धुतला नाही. सरपंचांपुढे बोलायला जमलं नाही, तर निदान बोटं दाखवता येतील.