डालग्याखालची जास्वंद

माझी गाडी मला सोडून गेली, तेव्हा ती अतिशय आनंदात होती.

गाडी चारचाकीच, पण हातभर लांबीची. लालभडक, रिमोटवर पळणारी, आणि (हे मी प्रत्येक पाहुण्याला चहाआधीच सांगतो) खेळण्यातली मुळीच नाही! तिला खरंखुरं इंजिन आहे. नायट्रो नावाचं उग्र वासाचं इंधन पिऊन ते चालतं. त्याचा प्लग तापवावा लागतो, दोरी ओढून त्याला जागं करावं लागतं, कार्बुरेटरची सुई केसभर इकडे, केसभर तिकडे करत त्याची मर्जी राखावी लागते. नवीन होतं तेव्हा तर मी त्याला बाळंतिणीसारखं जपलं. तेलकट खुराक पाजायचा, सावकाश फिरवायचं, मध्येमध्ये निजवायचं.

"माझ्या बाळंतपणात एवढं केलं असतंत ना..." आमची ही, म्हणजे सुलभा, एकदा म्हणाली. वाक्य तिनं पुरं केलं नाही. मीही आग्रह केला नाही.

मी श्रीवर्धनला शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकलेच्या तासाला मास्तरांचं कुणी ऐकत नाही, आणि घरी आई आणि सुलभा या दोघींपुढे मी बोलतो कुठे, की कुणी ऐकावं! नुसतं बोट हलवलं की ऐकणारं घरात कुणीतरी असावं, एवढीच माझी माफक इच्छा होती. म्हणून ही गाडी. मी तिचं नाव ठेवलं जास्वंद. आई तिला ठसकी म्हणते, कारण सुरू होताना ती ठसकते.

वाद पेटला तो सुपारीवरून. एका सकाळी सुई जुळवता जुळवता मी जास्वंदीला अंगणातल्या खळ्यात गुरगुरत ठेवलं आणि समोरच्या आंब्याच्या पालवीचा रंग बघत बसलो. तेवढ्यात तिच्या सायलेन्सरनं वाळत घातलेल्या सुपारीवर तेलाचा बारीक फवारा धरला. मला तर सुपारी एकदम उजळल्यासारखी वाटली. आईनं त्यातली एक कातरली, तोंडात टाकली आणि लगेच बाहेर काढली.

"सुलभा, ही सुपारी न्हाय! मोटारीचा पार्ट हाय!"

सुलभानं जागच्या जागी निकाल दिला. "ठसकी माळ्यावर."

"अगं, माळ्यावर ती गंजेल! तिला रोज पुसावं लागतं, तेलाचा थेंब..."

"माळ्यावर."

नेमका तेव्हा माझा मेव्हणा नंदू माणगावहून आला होता. त्याच्याकडेही अशीच गाडी आहे, पण बॅटरीवरची. ना धूर, ना वास, ना आवाज. (रांगोळीऐवजी उंबऱ्याला चिकटवतात ना तो स्टिकर, तशी!) तो मोठ्या मनानं म्हणाला, "ताई, भावोजींना एक संधी दे. उद्या किनाऱ्यावर शर्यत लावू. ठसकी जिंकली तर पडवीत राहील, हरली तर माळा."

"चालेल," सुलभा म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात आम्ही सगळे ओहोटीच्या ओल्या वाळूवर. एका टोकाला पालथी बादली, दुसऱ्या टोकाला कोंबड्या झाकायचं आमचं बांबूचं मोठं डालगं. पंच आई. ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, पदरात शिंपल्या घेऊन. एक फेरी झाली की त्या गाडीच्या नावानं एक शिंपली ठेवायची. भरतीचं पाणी बादलीला टेकलं की शर्यत संपली.

मी गाडीत सेल घातले. रिमोटचा हुकूम गाडीला कळतो तो या सेलांच्या जिवावर. चार्ज केलेले सेल मी एका डबीत ठेवतो. ते हाताला मस्त कोमट लागले. चार्जरवरून ताजे उतरलेत, मी मनात म्हटलं. दोरी ओढली. जास्वंद ठसकली, खोकली आणि कडाडली!

त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलं होतं. सुरूची झाडं उलटी, डोंगर उलटे, आणि केशरी ढगांवरून माझी जास्वंद मागे निळसर धुराची रेघ सोडत पळत होती. मी जमिनीवर नव्हतोच. इंधनातल्या एरंडेलाच्या त्या गोडसर वासात तरंगत होतो. नंदूची गाडी मागे पडली. मी रिमोटवरचा वेगाचा दट्ट्या पार तळापर्यंत दाबला, चाकं हलकीच डावीकडे वळवली. डालग्याला वळसा घातला. आता सरळ...

जास्वंद सरळ झाली नाही. तिनं डालग्याभोवती आणखी एक वळसा घेतला. मग आणखी एक, जरा मोठा.

"भावोजी, दट्ट्या सोडा!"

"सोडलाय!"

"मग ब्रेक मारा!"

"मारलाय!"

"मग चालवतंय कोण?"

गाडीतले सेल मेले की शेवटचा हुकूम तसाच राहतो. माझा शेवटचा हुकूम होता, पूर्ण वेगात, किंचित डावीकडे! अशा वेळी इंजिन आपोआप मंदावं म्हणून एक बारीकशी स्प्रिंग लावायची असते. मी ती आणलीही होती. पण तिची वेटोळी इतकी सुरेख होती, की मी तिचं चित्र काढायला घेतलं. चित्र उत्तम झालं. स्प्रिंग अजून माझ्या रंगपेटीत आहे.

मी टॉवेल घेऊन मागे धावलो. सायलेन्सरचं तोंड दाबलं की इंजिन बंद पडतं, फक्त आधी सायलेन्सर हाताला लागावा लागतो! गोल गोल धावताना थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की आवाज पुढून येत नाहीये, मागून येतोय. ती माझा पाठलाग करत होती! मी टॉवेलसकट आडवा झालो. ती कानाजवळून गेली. घोडागाडीतल्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळं डोळे फाडून बघणाऱ्या नंदूला स्वतःच्या गाडीचं भानच राहिलं नाही. ती बिचारी गुपचूप लाटेत शिरली आणि गुपचूपच गेली.

आणि भरती चढत होती. जास्वंदीचं रिंगण दर फेरीला मोठं होत होतं. त्याची कड आता पाण्याला लागली. चाकांनी उडवलेल्या तुषारांत क्षणभर इंद्रधनुष्य उमटलं. ते बघून माझ्यातला चित्रकार विरघळला आणि माझ्यातला मेकॅनिक किंचाळला. तापलेल्या इंजिनात खारं पाणी गेलं, की पुढे माळ्यावर ठेवायलासुद्धा काही उरत नाही!

"सुलू! माझी जास्वंद!"

सुलभा शांतपणे उठली. पदर खोचला, रिंगणाच्या मधलं डालगं उचललं आणि गाडीच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. रोज संध्याकाळी आमची एक हट्टी कोंबडी आत यायला तयार नसते, तिच्यासाठी ती अशीच उभी राहते. जास्वंद समोरून सुसाट आली. सुलभानं डालगं तिरकं रोवलं, बाजूला झाली, गाडी थेट आत शिरली, आणि डालगं पालथं घालून ती सरळ वर बसली! आतून धडपड, वाळूचा सडा, मग एक लांब ठसका. मग फक्त समुद्र.

"या," ती म्हणाली. "अंडं घातलंय का बघा."

मी वाळूत बसून सेल बाहेर काढले. त्यांच्यावर गेल्या दिवाळीतला गंज होता. हे माझे सेल नव्हतेच!

"ते माझे," आई खुर्चीतून म्हणाली. "टीव्हीचा रिमोट चालंना, तुझे घेतले. माझे डबीत ठेवले."

"अगं, पण ते संपलेले!"

"संपलेले कसले! चांगले सुपारीबरोबर उन्हात तापवलेले हायत!"

संपलेले सेल उन्हात घालून पुन्हा जिवंत करायची आईची ही पद्धत माझ्या जन्माआधीपासूनची आहे. ते थोडा वेळ उठतातही. कोमट का लागले होते, ते मला तेव्हा कळलं.

पाणी बादलीला टेकलं. आईनं शिंपल्यांचे ढीग पाहिले. जास्वंदीचा ढीग केवढा तरी मोठा! तिनं प्रत्येक रिंगणाची शिंपली इमानानं ठेवली होती.

"ठसकी जिंकली."

"आई, ती कुणी चालवतच नव्हतं!" नंदू कळवळला.

"म्हणून तर जिंकली!"

सुलभा हिशोबाला पक्की. "ठरल्याप्रमाणे गाडी पडवीत. हरलेला माळ्यावर."

"पण हरलाय नंदू!" मी म्हणालो.

"नंदू पाहुणा आहे."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून जास्वंद पडवीत असते, डालग्याखाली. सुलभा तिला येताजाता फडका मारते. माझी हत्यारं, तेलाच्या बाटल्या, रंगपेटी आणि मी माळ्यावर. तक्रार नाही. तिथल्या झरोक्यातून समुद्र दिसतो. ओहोटीच्या वेळी वाळूत आभाळ उतरलं, की मी कार्बुरेटरची सुई हातात धरून तासन्‌तास बघत बसतो. दिवे लागले की सुलभा शिडीखाली येऊन उभी राहते. वर बघून नुसतं बोट हलवते.

मी निमूट खाली उतरतो. बोट हलवलं की ऐकणारं घरात कुणीतरी असावं, ही माझी इच्छा अशी पुरी झाली!