पडद्याबाहेरचा डूगल्ड

डूगल्ड मॅकसॉर्लीची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं मी त्याच्या घोड्याशी बोलत होतो.

त्याला कारण होतं. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, ग्लेनटॅरसला, मी कापडाचं दुकान नुकतंच थाटलं होतं, आणि या मुलखात कशाचंही नवल करायचं नाही असं मला बोटीवरच कोणीतरी बजावलं होतं. सकाळी दाट धुकं होतं. त्या धुक्यातून एक टेकडी चालत आली. टेकडीला चार पाय होते, एकेक पाय चर्चच्या खांबाएवढा, आणि खुरांवर इतके पांढरे झुबकेदार केस, की पायमोजे म्हणून चार मेंढ्या चढवल्यासारखं वाटावं. आयाळीत लाल-निळ्या फिती, शेपटीला फुलाची गाठ. टेकडी माझ्या दारात थांबली आणि म्हणाली की लाल फीत हवी आहे, पण पावसात रंग जाणारी नको, मागच्या खेपेला सगळी मान गुलाबी झाली होती.

मी टोपी काढली. आम्ही फितीबद्दल बोललो, हवेबद्दल बोललो, नव्या पाद्रीबुवांच्या लांबलचक प्रवचनांबद्दल बोललो. घोड्याची मतं मला पटण्यासारखी वाटली. शेवटी नाव काय लिहू असं मी विचारलं, तेव्हा त्या मानेखालून एक हॅट पुढे आली आणि हॅटखालून एक माणूस. तोवर मी त्याला घोड्याच्या साजाचाच भाग समजत होतो.

"मी डूगल्ड," तो म्हणाला. मग आदराने एक पाऊल मागे सरकून, "आणि हे अर्ल ऑफ ट्वीड."

अर्ल ऑफ ट्वीड हा पैदाशीचा घोडा होता आणि डूगल्ड त्याचा मोतद्दार. आमच्याकडची सगळी नांगरट या अजस्र जातीच्या घोड्यांवर चालते, त्यामुळे वसंत लागला की असा एखादा घोडा शेताशेतावर फिरायला निघतो. सोमवारी या वाडीवर, मंगळवारी त्या वाडीवर, आठवडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. गावच्या वर्तमानपत्रात अर्लची जाहिरात पहिल्या पानावर असायची. त्यात त्याचे वडील, आजोबा, आईकडचं घराणं, मिळालेली बक्षिसं, स्वभाव, दात, सगळं यायचं. अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'सोबत एक माणूस येईल.'

तो माणूस डूगल्ड.

आता आमची माणसं स्कॉटलंडहून आलेली, देवभीरू आणि मर्यादशील. शेतावर पैदाशीचा घोडा येणं ही गरज, पण तो बायकांच्या नजरेला पडणं ही लाज. म्हणून अर्लच्या टापा फाटकापाशी वाजल्या रे वाजल्या, की घरातली झाडून सारी बाईमाणसं आत पळत आणि खिडक्यांचे पडदे धडाधड खाली येत. घोडा जाईपर्यंत घर आंधळं. घोडा कशासाठी आलाय हे घरातल्या आजीपासून पाळण्यातल्या मुलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असे, पण पडदा पाडला की ते कोणालाच ठाऊक नाही असं ठरलेलं होतं.

या पद्धतीमुळे माझ्या दुकानात पडद्याचं कापड मिठापेक्षा जास्त खपायचं, म्हणून तिच्याविरुद्ध मी कधी अवाक्षर काढलं नाही. पण डूगल्डचा विचार करा. एवढी वर्षं भटकून त्याने आपल्या वाटेवरच्या एकाही बाईचा चेहरा पाहिला नव्हता. तो त्यांना पडद्यांवरून ओळखायचा. मी एकदा सहज म्हटलं की मिसेस ऑचटरलोनी आजारी आहेत, तर त्याने कपाळाला आठ्या घालून विचारलं, "कोण? तपकिरी, कोपऱ्यात जळलेला?"

अशा माणसाने प्रेमात पडावं तरी कसं? तर तो पडला एका गोळ्याच्या.

मंगळवारचा मुक्काम गिल्बर्ट पटुलोच्या शेतावर असे. गिल्बर्ट म्हणजे चर्चच्या पंचमंडळातलं बडं प्रस्थ. हसला तर चेहऱ्याला तडा जाईल अशी भीती वाटावी, असा माणूस. बायको नव्हती; घरात तो आणि त्याची धाकटी, अविवाहित बहीण ग्रिझेल. दर मंगळवारी संध्याकाळी गिल्बर्ट स्वतः तबेल्यात डूगल्डचं ताट घेऊन येई, आणि त्या ताटात फडक्यात बांधून उकडलेला मनुकांचा गोळा असे. तो गोळा मी खाल्लेला नाही, पण डूगल्डच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की माझं वजन वाढलं. गोळ्याच्या सालीवर फडक्याची वीण उमटलेली असायची. ती वीण तो बोटाने चाचपायचा आणि म्हणायचा, "बेथुन, ज्या बाईच्या हाताला एवढी माया आहे, तिचा पडदा हिरवा आहे."

त्या वर्षी अर्लच्या मालकाने कळवलं की पुढच्या वसंतापासून घोडा उत्तरेकडच्या बेटावर फिरेल, आणि अर्थातच सोबत एक माणूस येईल. म्हणजे ग्रिझेलला विचारायचं तर याच हंगामात. नाहीतर गोळा गेला, हिरवा पडदा गेला, आणि उरलेला जन्म अर्लबरोबर.

"मग विचार की," मी म्हटलं.

"कधी? मी जातो तेव्हा पडदा पडतो."

"मग घोड्याशिवाय जा."

या कल्पनेने तो इतका दचकला, की मी त्याला कपड्यांशिवाय जा म्हटलंय असं कोणालाही वाटलं असतं.

त्याने मिस पटुलोला पाहिलं नव्हतं हे खरं, पण तिने त्याला पाहिलं होतं. वसंताच्या आरंभी आमच्या मुख्य रस्त्यावरून सगळ्या पैदाशीच्या घोड्यांची मिरवणूक निघते. त्या दिवशी तालुक्यातल्या झाडून साऱ्या बायका माझ्या दुकानासमोर उभ्या राहतात, रस्त्याकडे काटेकोर पाठ करून, आणि माझ्या काचेतले हातरुमाल निरखतात. तासभर. हातरुमाल सहा असतात. काच मात्र मी आदल्या दिवशी व्हिनेगरने लख्ख पुसून ठेवतो, आणि तिच्यात अख्खी मिरवणूक शेपटीच्या गाठीसकट दिसते. त्या वर्षी ग्रिझेल पटुलो पहिल्या रांगेत होती. अर्ल पुढे गेला आणि बाकीच्या बायका पुढच्या घोड्याच्या हातरुमालाकडे वळल्या, तरी ही अर्लच्याच हातरुमालाकडे बघत राहिली. मग आत येऊन करड्या लोकरीचा भाव विचारता विचारता म्हणाली, की त्या मोतद्दाराच्या हॅटमधलं पीस यंदा नवीन दिसतंय.

हे मी डूगल्डला सांगितल्यावर मात्र त्याला एका जागी उभंच राहवेना. रविवारी प्रेम केलेलं आमच्या चर्चला चालत नाही, म्हणून शनिवार ठरला. मी त्याला काळा सूट दिला, ताठ कॉलर दिली. अर्लला खानावळीच्या तबेल्यात ठेवून तो निघाला. चालताना त्याचा उजवा हात सारखा वर, लगामाच्या उंचीला जात होता.

पटुलोंच्या फाटकाशी आधी त्याला कुत्रा चावला. हाच कुत्रा दर मंगळवारी त्याचे बूट चाटायचा. मग गिल्बर्टने दार उघडलं, त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "काय विकता?"

एवढ्या वर्षांची ओळख, पण गिल्बर्टने डूगल्डला घोड्याशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. धीर यावा म्हणून डूगल्डने वर आभाळाकडे पाहिलं. आता त्या महिन्यात एक विक्रेता शेतोशेती फिरत होता, घरावर वीज पडू नये म्हणून छपरावर लावायच्या तांब्याच्या सळया विकत. गिल्बर्टने आभाळाकडे पाहिलं, काळा सूट पाहिला आणि ओळखलं. इतक्यात ग्रिझेल दारात आली. डूगल्डने आयुष्यात पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला, आणि त्यानंतर त्याला जे जे विचारलं गेलं त्याला तो हो म्हणत गेला. ग्रिझेलनेही त्याच्याकडे निरखून पाहिलं. पुढे ती मला म्हणाली की चेहरा ओळखीचा वाटत होता, पण कोटाची बटणं उलट्या बाजूला लावल्यासारखा. तिचं तरी काय चुकलं? तिने तो काचेतच पाहिलेला.

डूगल्ड संध्याकाळी परतला तो दोन सळयांची मागणी घेऊन.

"लग्नाचं काय झालं?" मी विचारलं.

"एक घरावर, एक कोठारावर," तो म्हणाला, आणि कॉलर काढून अर्लच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला.

म्हणजे पेच असा. घोडा घेऊन जावं तर तिला हा दिसायचा नाही, आणि घोड्याशिवाय जावं तर हा कोण ते कळायचं नाही.

हंगामातला शेवटचा मंगळवार उजाडला. त्या दिवशी मी पटुलोंच्याच स्वयंपाकघरात खुर्चीवर उभा होतो. हिरवा पडदा विटला होता, तो उतरवून मी नवा बसवत होतो. गिल्बर्टही आदल्याच आठवड्यात दुकानात येऊन गेला होता, दरवर्षीप्रमाणे जाड धुवट कापड न्यायला. मेंढ्यांचं औषध गाळायला लागतं म्हणे. जुना पडदा निघाला होता, नव्याची दांडी अजून बसायची होती, एवढ्यात फाटकाशी टापा वाजल्या.

उघडी खिडकी आणि समोर अर्ल. ग्रिझेल भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "बेथुन, पडदा धरा."

मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन पडदा धरला. एका घराण्याची अब्रू माझ्या खांद्यांवर आली, आणि ते खांदे दुकानदाराचे होते. गिल्बर्ट घोडी आणायला मागच्या कुरणात गेलेला. टापा खिडकीपाशी येऊन थांबल्या.

"मिस पटुलो," पडद्यापलीकडून आवाज आला, "मी डूगल्ड. अर्लबरोबरचा."

"माहीत आहे," ग्रिझेल भिंतीला म्हणाली. "आज मंगळवार आहे."

"मला एक विचारायचं होतं."

"घोडीचं असेल तर गिल्बर्टला विचारा."

"घोडीचं नाही."

अर्ल फुरफुरला. मी दबक्या आवाजात म्हटलं की जे काय असेल ते लवकर आटपा. स्वतःबद्दल कसं बोलतात हे डूगल्डला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याला पाठ होती ती एकच जाहिरात.

"स्वभाव शांत," तो म्हणाला. "दात शाबूत. रस्त्यात समोरून गाडी आली तरी बुजत नाही."

"पाय?" ग्रिझेलने विचारलं. शेवटी शेतकऱ्याच्या घरची.

"पाय चांगले आहेत. डाव्याला हल्लीच कुत्रा चावलाय. मिस पटुलो, तुमच्या हातचा तो गोळा..."

"गोळ्याचं राहू द्या," ती घाईने म्हणाली. "पुढचं बोला."

पुढचं तो बोललाही असता, पण माझ्या हातांचं बळ संपलं. पडदा माझ्या डोक्यावर पडला आणि मी खुर्चीखाली. बाहेर डोकं काढून पाहतो तो ग्रिझेल वळलेली, खिडकीत अर्लची दगडी रांजणाएवढी मान आत आलेली, आणि तिच्याखाली डूगल्डची हॅट.

ग्रिझेलने हॅटखाली वाकून पाहिलं.

"तुम्ही तर सळयावाले," ती म्हणाली. "सळया कधी येणार? गिल्बर्ट रोज आभाळाकडे बघतोय."

"तुम्ही हो म्हणालात तर मी स्वतः छपरावर चढून बसवीन."

"आणि नाही म्हटलं तर?"

डूगल्डने प्रामाणिकपणे विचार केला. "तरी बसवीन. पण मग अधूनमधून येऊन त्यांच्याकडे बघणार कोण?"

ग्रिझेलने अर्लच्या कपाळावरचे केस सारखे केले. या तालुक्यात हे कुठल्याही बाईने आजवर केलेलं नव्हतं. "हो म्हणते," ती म्हणाली. "बसवल्या म्हणजे बघायला कोणीतरी पाहिजेच." मग तिला एकदम भान आलं. "बेथुन, खाली काय बसलात? पडदा धरा. लोक काय म्हणतील."

मार्चमध्ये, म्हणजे आमच्या उलट्या ऋतूंप्रमाणे शरद लागल्यावर, लग्न झालं. सळया डूगल्डने डनेडिनहून मागवून स्वतः बसवल्या. अर्ल उत्तरेला गेला, सोबत दुसरा एक माणूस गेला. गिल्बर्ट शेत या दोघांवर सोपवून थोरल्या बहिणीकडे राहायला गेला, आणि जाताना ते जाड धुवट कापड बरोबर घेऊन गेला. गोळा तो करायचा. डूगल्डकडे मंगळवारी आता उकडलेले बटाटे असतात.