बुजवलेला खड्डा
आंबेहळद उगाळल्याचा वास आला की मला सोलापुरातलं आमचं घर आठवतं. थोरला भाऊ, दादा, गिरणीत लागला तेव्हा घरातला हातमाग मोडला, आणि मागाखालच्या ज्या खड्ड्यात पाय सोडून आमचे वडील, आप्पा, जन्मभर विणत बसले, तो बुजवायचं ठरलं. आप्पांना नीट दिसत नव्हतं. ते त्यात पडतील अशी आम्हाला भीती. त्यांनीही नको म्हटलं नाही, उलट भरलेली माती स्वतः चोपून सपाट केली. पुढं एका सकाळी चूळ भरून ते सवयीनं त्या जागी गेले, खड्ड्यात उतरायला म्हणून एक पाय खाली सोडला, आणि जमीन अगोदरच लागल्यानं तोल जाऊन आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. आंबेहळदीचा लेप लावता लावता हाडवैद्यानं विचारलं, “कशात पडला हो, म्हातारबा?” “खड्ड्यात,” आप्पा म्हणाले. “आवं आप्पा, खड्डा न्हाय तितं,” दादा कळवळला, “तुमीच चोपला की!” “व्हय, मीच चोपला,” आप्पा शांतपणे म्हणाले. “आता उकर. मला बसायचंय.” दादा कुदळ घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. उकरला तर बरे झाल्यावर आप्पा त्यात पडतील, न उकरला तर पुन्हा तो शोधत येतील. “तू शिकलेला,” तो मला म्हणाला, “तूच सांग, काय करू?” आप्पा त्या अंथरुणावरून परत उठलेच नाहीत. परवा दादाही गेला, आणि त्याला काय सांगायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.